मी खाली थांबते

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीचा मेसेज आला. ती नुकतीच पुण्याहून नोकरीसाठी परळला राहायला आली आहे. "मावशी, तुझ्या सगळ्या जागांची लिस्ट पाठव ना. ब्लाउज, मसाला, जेवण, आयब्रो, सगळं. लोकेशन टाकलंस तरी चालेल." मी लिहिलं, "लिस्ट नाही. रविवारी दहाला परळ नाक्यावर ये, नेते." तिने हसरे चेहरे पाठवले. तिला वाटलं, मावशी गंमत करते आहे.

मी गंमत करत नव्हते. फोन खाली ठेवल्यावर लक्षात आलं, हे वाक्य मंदाताई पेडणेकरांचं. त्यांच्याकडून मी जे जे उचललं त्यातलं बरंचसं पोटात आणि अंगावर गेलं. हे एवढं तोंडात राहिलं.

मंदाताई आमच्या विम्याच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. काळाचौकीच्या चाळीत जन्मल्या आणि लग्न होऊन समोरच्या चाळीत गेल्या. "सासरी जाताना रडायचं म्हणून रडले. नाहीतर गॅलरीतून आई दिसत होती," असं सांगायच्या. ठेंगण्या, गोल, साडीची इस्त्री कधी मोडलेली नाही. केस काळे केलेले, त्यात दादरच्या फुलबाजारातली अबोली किंवा सुरंगीचा मोसम असला तर सुरंगी. आणि भुवया. त्या वयाच्या बायकांच्या भुवयांकडे कोणी बघत नाही, पण मंदाताईंच्या बघाव्याच लागत. कपाळावर कोणीतरी हात न थरथरता दोन रेषा काढून ठेवल्यासारख्या. साहेब ओरडत असले की मंदाताई मान खाली घालायच्या, भुवया मात्र जागच्या हलायच्या नाहीत. निम्मा राग तिथेच जिरायचा.

माझी त्यांच्याशी खरी ओळख ब्लाउजमुळे झाली. कँटीनमध्ये चहा घेताना त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हा खांदा कोणाचा गं?"

"माझाच."

"खांदा तुझा असेल. ब्लाउज दुसऱ्या कोणासाठी तरी शिवलाय."

मी टेलरचा पत्ता विचारला. त्यांनी कप खाली ठेवला. "पत्ता मी देत नाही. रविवारी दहाला लालबागला ये, नेते."

मला ते जरा जास्तच वाटलं. रविवारी मला घरात धुणं असतं. तरी गेले. एका गल्लीत, जिन्याखालच्या जागेत, एक म्हातारा टेलर मशीनवर बसला होता. मंदाताईंनी मला पुढे केलं. "ही माझी. वैशाली. हिचा डावा खांदा उतरता आहे, बोलून दाखवू नको, नुसतं लक्षात ठेव." मग त्याच्यासमोरच मला म्हणाल्या, "आणि तू लक्षात ठेव, गणपतीच्या आधी पंधरा दिवस इथे तोंड दाखवायचं नाही. हा नाही म्हणत नाही आणि मग रात्री जागून डोळे फोडून घेतो."

टेलर हसला. माझा खांदा तेव्हापासून सुखात आहे.

परत येताना मी विचारलं, एवढा व्याप कशाला, कागदावर पत्ता लिहून दिला असता तर काय बिघडलं असतं. त्या म्हणाल्या, "पत्ता दिला की तू जाणार, घासाघीस करणार, त्याला घाईला लावणार, आणि वर सांगणार मंदाताईंनी पाठवलंय. मी नेलं की तुझी जबाबदारी माझ्यावर आणि त्याची पण माझ्यावर. दोघंही नीट वागता."

हा त्यांचा कायदा होता. ऑफिसात चाळीसेक बायका असतील, सगळ्यांना मंदाताईंच्या जागा हव्या असायच्या, आणि मंदाताई एकेकीला एकेका रविवारी हाताला धरून न्यायच्या. लालबागला मिरच्या निवडून, भाजून, डंकावर मसाला कुटून होईपर्यंत स्वतः पदर नाकाला लावून उभ्या राहायच्या. कुटणाऱ्यावर अविश्वास म्हणून नाही. "आपण शिंकत उभं राहिलं की त्याला वाटतं, चला, एकटाच नाही मी," असं त्यांचं म्हणणं. दादरला पहाटे फुलं घेताना मोगऱ्याची एक कळी दाताखाली धरून बघायच्या. का ते मला आजही माहीत नाही, पण मीही तसंच करते.

गिरगावात त्यांनी मला एक खानावळ दाखवली. मी जन्माने गिरगावची. ती जागा माझ्या माहेरच्या दारापासून दोन गल्ल्यांवर, आणि मी तिथे कधी पाय ठेवला नव्हता. "गिरगावची ना तू? मग एवढी वर्षं बघत काय होतीस, ट्राम?" त्यांनी विचारलं. ट्राम माझ्या जन्माआधीच बंद झाली होती, पण मंदाताईंना हिशेबात अडकवण्यात अर्थ नसायचा.

त्या खानावळीत मला त्यांची दुसरी बाजू कळली. कोंबडीवडे आले. मंदाताईंनी पहिला वडा मोडला, रश्शात बुडवला, डोळे मिटले आणि लगेच उघडून दरवाजाकडे बघितलं. प्रत्येक घासाला हेच. मी विचारलं, कोणी येणार आहे का.

"नाही गं. पेडणेकर घरी वरणभात खात असतील."

मंदाताईंना चांगलं खाताना, चांगलं नेसताना, चांगलं दिसताना अपराधी वाटायचं. त्यांच्या लहानपणी वडिलांची गिरणी बंद पडली. चार पोरं, आणि आई लोकांच्या घरी पोळ्या लाटायला जायची. त्या घरात बाहेर जाऊन खाणं म्हणजे कोणाच्या तरी ताटातलं उचलणं. मंदाताईंनी पुढे नोकरी केली, स्वतःच्या पगारात सगळं केलं, तरी ते गेलं नाही. म्हणून प्रत्येक जागेहून निघताना घरासाठी काहीतरी बांधून घ्यायच्या. त्याला त्या पापाचं पार्सल म्हणायच्या. केस रंगवून आल्या की पार्सल थोडं मोठं असायचं.

शिवाय खोटं. दर रविवारी घरातून निघताना त्या "मासळी आणायला जाते" असं सांगून निघायच्या आणि परत जाताना खरोखर मासळी घेऊन जायच्या, म्हणजे खोटं पूर्ण खोटं राहत नाही. एकदा मी त्यांच्या घरी गेले असताना मंदाताई आत चहा करत होत्या. पेडणेकर, अगदी शांत माणूस, पेपरातून डोकं वर न काढता मला म्हणाले, "बाजार खाली पाच मिनिटांवर आहे. हिला तीन तास लागतात. तीस वर्षं मी काही विचारलेलं नाही."

"का हो?"

"पार्सल चांगलं असतं."

आता रंजनाचं सांगते. तिच्याशिवाय मंदाताई पूर्ण होत नाहीत.

रंजना भोईवाड्यात एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते. नवरा हॉस्पिटलात नोकरीला, मुलगी कॉलेजात, आणि एका खोलीत तिचं पार्लर. पार्लर म्हणजे खिडकीपाशी एक प्लास्टिकची खुर्ची, दोऱ्याची रिळं, पावडरचा डबा आणि भिंतीवर मोठा आरसा. मंदाताईंच्या भुवया तिच्या हातच्या. त्या पहिल्यांदा मला वर घेऊन गेल्या तेव्हा खुर्चीत बसवून म्हणाल्या, "ही माझी. हिला दुखलं तर सांगत नाही, तू विचारत जा."

माझी एक भुवई झाली तोच मागून आवाज आला, "हिचा कपाळ ल्हान आसा गो. जास्त बारीक करू नको."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला खाट होती आणि खाटेवर रंजनाची सासू. दोन वर्षांपूर्वी पडून कंबर मोडली, तेव्हापासून अंथरुणावर. त्यांना कूस बदलता येत नसे, म्हणून रंजनाने तो आरसा मुद्दाम अशा कोनात लावला होता की पडल्यापडल्या त्यांना खिडकी दिसावी, आलेल्या बाईचं तोंड दिसावं. भुवई करून झाली की रंजना बाजूला व्हायची आणि सासूकडे बघायची. म्हातारी आरशातून तपासायची. "उजवी जाड रवली." मग रंजना परत दोरा दातात धरायची. सासूने मान हलवल्याशिवाय गिऱ्हाईक खुर्चीतून उठायचं नाही. आम्हाला सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली की आम्ही रंजनाऐवजी त्यांनाच विचारायला लागलो, "आजी, बरोबर आहे?" मंदाताईंशी तर त्यांचं खास. मंदाताई मालवणीत शिरायच्या, दोघी मिळून कोणाच्या तरी सुनेचं नाव काढायच्या, आणि रंजना दातात दोरा असल्यामुळे मध्ये बोलू शकायची नाही.

मंदाताईंनी आपला कायदा आयुष्यात एकदाच मोडला. आमच्या ऑफिसातल्या एकीची मुलगी सायली मोबाईलवर मुंबईतल्या अशा जागांचे व्हिडिओ करायची. कुठे काय खावं, कुठे काय घ्यावं. तिने मंदाताईंबद्दल आईकडून ऐकलं आणि ती त्यांच्या मागे लागली. टेलरला मंदाताई नाही म्हणाल्या, मसालेवाल्याला नाही म्हणाल्या, खानावळीला तर ऐकायच्या आधीच नाही म्हणाल्या. मग सायली म्हणाली, "मावशी, मग तुमच्या आयब्रो कोण करतं ते तरी? लोक मला विचारतात, तुमचा फोटो टाकला होता मी."

इथे मंदाताई हलल्या. आपल्या भुवयांबद्दल लोक विचारतात, हे ऐकून कोण हलणार नाही. मी तिथेच होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

रंजना आधी नको म्हणत होती. पण मंदाताईंनी सांगितलं तेव्हा ती नाही म्हणू शकली नाही. एवढंच म्हणाली, "आईंना घेऊ नका हं त्यात." सायलीने खाटेकडे पाठ करून व्हिडिओ घेतला. मंदाताई नवी इरकल नेसून गेल्या होत्या. त्यात त्या हसून सांगतात, "या, माझ्या रंजनाकडे या." टाकण्याआधी सायलीने तो मंदाताईंना दाखवला. त्यांनी दोनदा बघितला आणि म्हणाल्या, "चांगला झालाय. घाल."

पुढचे काही दिवस चाळीच्या गॅलरीत बायकांची रांग लागली. शेजारी कुरकुरले. मंदाताई ऑफिसात जरा मान ताठ करून चालत होत्या. मग एका दुपारी रंजनाचा फोन आला. मंदाताईंनी तो माझ्यासमोर घेतला. त्यांचा चेहरा बघून मी हातातलं काम ठेवलं.

रंजना एवढंच म्हणाली होती, "मंदाताई, तो काढायला सांगा. आरशात आई दिसतायत."

आम्ही व्हिडिओ पुन्हा लावला. मंदाताई हसतायत, रंजना दोरा फिरवते आहे, आणि त्यांच्या मागे आरशात, अगदी मधोमध, खाट. म्हातारी झोपलेली. तोंड उघडं, दात काढून ठेवलेले, गाऊन वर गेलेला, पायांची हाडं दिसतायत. जिने सगळ्या गिऱ्हाइकांना आरशातून बघितलं तिला आता सगळं जग आरशातून बघत होतं.

मंदाताईंनी फोन टेबलावर उलटा ठेवला. "मी दोनदा बघितला गं," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा माझंच तोंड बघितलं."

सायलीने संध्याकाळच्या आत व्हिडिओ काढला. पण तोपर्यंत तो कणकवलीकडच्या रंजनाच्या सासरच्या गावात घरोघरी पोचला होता. ज्यांनी ती खोली कधी बघितली नव्हती त्यांना त्यात एकच गोष्ट दिसली. सून भरल्या घरात धंदा करते आणि सासू कोपऱ्यात पडली आहे. रंजनाचे थोरले दीर गावी असतात. चार वर्षांत आईला बघायला आले नव्हते. ते आता पहिल्या गाडीने आले.

त्या रविवारी मंदाताई मला घेऊन रंजनाकडे निघाल्या होत्या, तिच्याशी बोलायला. आम्ही जिन्याच्या वळणापर्यंत चढलो तर वरून दीर आणि आणखी एक माणूस प्लास्टिकची खुर्ची धरून उतरत होते. तीच गिऱ्हाइकांची खुर्ची. तिच्यात म्हातारी, चादरीने बांधलेली. जिना इतका अरुंद की आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो. दीर वर बघून रंजनाला सुनावत होते, "सगळ्या गावान बघितल्यान. आयेक असा ठेवलंस?" रंजना मागून पिशव्या घेऊन येत होती. तिने आमच्याकडे बघितलं नाही.

खुर्ची आमच्यासमोर आली तेव्हा उतरवणारे दम खायला थांबले. म्हातारीचं तोंड मंदाताईंच्या तोंडासमोर आलं. ती चिडेल, रडेल असं मला वाटलं. तिने मंदाताईंच्या कपाळाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "वाढल्यो गो तुज्यो. वर जा, करून घे."

मग तिला गाडीत घातलं, गावी न्यायला.

मंदाताई त्या दिवशी वर गेल्या नाहीत. नंतरही नाहीत. आणि कुठे दुसरीकडेही गेल्या नाहीत. महिन्याभरात त्यांच्या भुवया वाढल्या. मग पसरल्या. करड्या, राठ, दोन्ही डोळ्यांवर छप्पर उतरल्यासारख्या. केसांचा रंगही गेला. साडीची इस्त्री तेवढी राहिली. ऑफिसात बायका कुजबुजायच्या, काहीजणींना वाटलं मोठं आजारपण आहे. साहेब एकदा रागावता रागावता मध्येच थांबले, कारण समोर रेषा राहिल्या नव्हत्या.

मी त्यांना सरळ सांगितलं. मला असल्या गोष्टी भिजत ठेवलेल्या आवडत नाहीत. "जाऊन माफी मागा आणि मोकळ्या व्हा."

"मागीन की. पण मी तिच्या घरात जाऊन मागितली तर तिला द्यावी लागेल. घरात आलेल्या बाईला ती काय जा म्हणणार आहे? म्हणजे परत मी सांगितलं म्हणून तिने केलं. तेच की गं ते."



रांग लावणाऱ्या बायका दोन आठवड्यांत दुसरीकडे वळल्या होत्या. गर्दीला कंटाळून जुन्याही तुटल्या होत्या. मंदाताईंनी मग एकेकीला पुन्हा रविवारी न्यायला सुरुवात केली. परळ नाक्यावर भेटायचं, भोईवाड्यात जिन्यापर्यंत जायचं, आणि तिथे मंदाताई म्हणायच्या, "दुसरा मजला, उजवीकडे. तू जा. मी खाली थांबते." खाली एक इस्त्रीवाला आहे. त्याच्या टेबलाशेजारी त्या पिशवी घेऊन उभ्या राहायच्या. बाई खाली आली की तिच्या भुवया उजेडात नीट बघायच्या आणि मान हलवायच्या. म्हातारीचं काम आता त्या करत होत्या, वर न जाता.

मीही जायची. वर खाट तशीच होती, चादर घातलेली. एकदा मी तिच्यावर पर्स ठेवली तर रंजना म्हणाली, "तिथे नको ताई. आई येतील तेव्हा वास लागतो त्यांना दुसऱ्याचा." आरसाही तिने हलवला नव्हता. फोनवर सासू रोज विचारते, आज कोण आली होती, असं सांगायची. मंदाताईंचं नाव ती घेत नसे, मीही घेत नसे. आपल्या भुवया करून घ्यायच्या आणि खाली उतरायचं. खुर्चीत डोळे मिटून बसलं की खाली उभ्या असलेल्या बाईची आठवण यायची आणि खुर्ची टोचायची. तरी मी जात राहिले. चांगल्या भुवया कोणाला नको असतात.

सहा-सात महिन्यांनी म्हातारी गावीच वारली. रंजना नवऱ्याबरोबर जाऊन तेरावं करून आली. मी भेटायला गेले. मंदाताईंना म्हटलं, "आता तरी चला. भेटायला जायला आमंत्रण लागत नाही." त्या जिन्यापर्यंत आल्या आणि इस्त्रीवाल्याच्या टेबलापाशी थांबल्या. मला पहिल्यांदाच त्यांचा राग आला. वर जाताना मी चपला जरा जोरात वाजवल्या.

त्यानंतर मंदाताई रिटायर झाल्या. त्यांची चाळ पाडणार होते, मुलाने दोघांना बंगळुरूला न्यायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्यांनी मला फोन केला. "लालबागला ये. शेवटची फेरी मारू." म्हाताऱ्या टेलरला भेटलो. त्यांनी त्याला माझ्याबद्दल पुन्हा बजावलं, जसं काही मीच कुठे निघाले होते. मसाला घेतला. मग मासळी. ओले बोंबील, घरातल्या शेवटच्या स्वयंपाकासाठी. मी म्हटलं, बोंबील आधी कशाला घेता, फिरायचं आहे अजून. त्या म्हणाल्या, "आता कुठे फिरायचं नाही. तुझ्या आयब्रो वाढल्यात, तेवढ्या करून घे."

म्हणजे भोईवाडा. जिन्यापाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "तू जा. मी खाली थांबते."

मी वर जाऊन खुर्चीत बसले. रंजनाने दोरा काढला, दातात धरला, मग परत सोडला.

"खाली आहेत?"

"हो. उद्या निघतायत. बंगळुरूला, कायमच्या."

तिने माझं काम पूर्ण केलं. पावडर लावली, झटकली. मग रीळ ब्लाउजमध्ये खोचलं, कोपऱ्यातलं लाकडी स्टूल उचललं आणि जिना उतरायला लागली. मी तिच्यामागे.

इस्त्रीवाल्याच्या टेबलाशेजारी तिने स्टूल ठेवलं. मंदाताई एक पाऊल मागे सरल्या.

"बसा," रंजना म्हणाली.

"अगं, इथे रस्त्यात?"

"तुम्ही वर येत नाही ना. बसा." मंदाताई बसल्या. रंजनाने त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, भुवयांकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "माझं सुतक तेराव्याला फिटलं, मंदाताई. तुमचं कधी फिटणार?"

मंदाताईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण तोवर रंजनाने दोरा दातात धरला होता. आता तिला बोलता येणार नव्हतं आणि मंदाताईंना हलता. दोन्ही हातांनी पापणी ताणून धरायची आणि डोळे मिटून बसायचं, एवढंच गिऱ्हाइकाच्या हातात असतं. इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला उभी केली. रस्त्याने जाणारी माणसं बघत होती. वर्षभराची भुवई, दोरा सारखा अडकत होता, रंजना परत परत फिरवत होती. मंदाताईंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं. त्यात विशेष काही नाही, आयब्रो करताना ते सगळ्यांनाच येतं.

डावी झाली. खालून मंदाताईंची ती जुनी रेषा बाहेर आली. रंजनाने दोरा तोडला, स्टूलला हात घातला आणि म्हणाली, "उठा."

"अगं, दुसरी?"

"दुसरी वर. आरशात बघितल्याशिवाय गिऱ्हाईक सोडायचं नाही, आई म्हणायच्या. आरसा वर आहे."

आणि स्टूल घेऊन ती जिना चढून गेली. मागे वळून बघितलं नाही.

मंदाताई रस्त्यात उभ्या. एका डोळ्यावर रेषा, दुसऱ्यावर छप्पर. मला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जा. मी खाली थांबते."

त्यांनी मसाल्याची पिशवी माझ्या हातात दिली. मग बोंबलांचीही दिली. एवढ्या वर्षांत मी त्यांना कोणाच्या दारात रिकाम्या हाताने जाताना बघितलं नव्हतं. कठडा धरून त्या चढायला लागल्या. वळणापाशी, जिथे त्या दिवशी खुर्ची दम खायला थांबली होती, तिथे त्याही थांबल्या. मला वाटलं, परत फिरतात. त्यांनी कठड्यावरून वाकून खाली बघितलं, ती एकच झालेली भुवई घेऊन.

"वैशाली, थांबू नको गं. बोंबील खराब होतील. घरी देऊन ये. आणि पेडणेकरांना सांग, मी रंजनाकडे आहे म्हणून."